बॉयलरचा फोन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या वडिलांनी अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची, बाहेरची बाधा यातलं काहीही कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यात माझा धंदा सॉफ्टवेअरचा. इथल्या प्रत्येक भुताटकीमागे शेवटी कुणाचा तरी आळस निघतो, आणि बहुतेक वेळा तो माझाच असतो. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनातल्या मनात हसायचे. आता तुम्ही माझ्यावर हसा, माझी काही हरकत नाही.

गाव शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरी बसून करते. थोरला भाऊ सिद्धार्थ, म्हणजे माझा दादा, याचं हळद शिजवायचं बॉयलर आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते... मधे पाण्याची लोखंडी टाकी, तिच्याखाली जाळ, आणि टाकीतली वाफ पाइपानं शेजारच्या ड्रममधे सोडायची. ड्रममधे ओली हळद. हे सगळं गाडं ट्रॅक्टरला जोडून दादा सीझनभर या शेतातून त्या शेतात फिरतो. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. जादा वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह त्या क्षारानं जाम होतो, आणि तो जाम झाला की ती टाकी म्हणजे बॉम्बच. मागच्या सीझनला दादा एकदा थोडक्यात वाचला होता.

म्हणून मी त्याला एक बॉक्स करून दिला. छोटासा कॉम्प्युटर, प्रेशरचा सेन्सर, एक मोडेम आणि त्यात सिम. टाकीतलं प्रेशर वाढलं की बॉक्स दादाच्या मोबाइलवर रिंग द्यायचा. मेसेज नाही, कारण हळदीच्या हातानं मेसेज कोण वाचत बसतो! दादानं तो नंबर 'बॉयलर' म्हणून सेव्ह केला होता. ठरलेलं होतं, रिंग आली की फोन उचलायचा नाही. जाळ ओढायचा आणि लांब व्हायचं.

यंदा ऐन सीझनमधे बॉक्स हँग व्हायला लागला. कारण साधं होतं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान आम्ही एकाच डब्यात भरतो, त्याला कंटेनर इमेज म्हणतात. माझा डबा फार जड झाला होता, बॉक्समधल्या छोट्या मेमरी कार्डात मावेना. तेव्हा बॉक्स काढून घरी आणला. म्हटलं हलक्या इमेजवर टाकून देते, एका दुपारचं काम आहे. आणि दादाला बजावलं की बॉक्स परत बसेपर्यंत जाळ घालायचा नाही.

"व्हय व्हय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा ट्रॅक्टर चालू करून तयार!

"दादा, थांब म्हटलं होतं ना मी?"

"लोकायनी हळद काढून ठेवली पौर्णे. ती काय तुझ्या कॉम्प्युटरची वाट पाहून राहिली का? आन व्हॉल्व्ह मी सोता साफ केलाय."

"साफ केला म्हणजे काय केलंस?"

"हातोडीनं ठोकला बराबर."

मी कपाळावर हात मारून घेतला. सुजाता वहिनी डबा घेऊन मागं बसली, मला डोळ्यानंच 'जाऊ दे' म्हणाली, आणि दोघं गेले. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एका शेतात काम होतं. तिकडं रेंजची बोंब.

मग मी बसले. बिल्ड झाला, म्हणजे नवा डबा भरून तयार झाला, चुकीची एकही लाल ओळ नाही. खूश होऊन चालवला... तर लगेच बंद. लॉगमधे एकच ओळ. माझ्या प्रोग्रामचं नाव आणि पुढं 'नॉट फाउंड'. फाइलच नाही म्हणे! आत शिरून बघावं म्हटलं तर हलक्या इमेजमधे नेहमीची हत्यारं नसतात, वजन कमी करायला सगळं काढून टाकलेलं असतं. कसंबसं आत शिरले. यादी काढली तर फाइल तिथंच! परवानग्या बरोबर. नाव बरोबर. चालवली... नॉट फाउंड. अहो, डोळ्यासमोर बसलीये ती फाइल, आणि मशीन तोंडावर सांगतंय की नाही म्हणून!

सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं. तेच. मधे लाइट गेली, आली, पुन्हा केलं. तेच. एरवी अशा वेळी मी चहा घेते, अंगणात फिरते. त्या दिवशी उठवेना. मला राहून राहून तो हातोडीनं ठोकलेला व्हॉल्व्ह दिसत होता. दादाला फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वहिनीलाही तेच. आणि मी खुळ्यासारखी तीच कमांड परत परत मारत होते.

आता एक गोष्ट नीट ऐका. बॉक्स माझ्या टेबलावर होता. सेन्सर तिकडं टाकीवर, त्याची वायर सुटी लोंबकळत. आणि सिम मी सकाळीच मोडेममधून काढून स्टीलच्या वाटीत ठेवलं होतं, कारण टेस्ट करताना चुकून रिंग गेली तर दादा जाळ ओढून बसेल आणि संध्याकाळी मलाच शिव्या घालेल.

भर दुपारी वहिनीचा फोन आला, रेंजसाठी ती रस्त्यापर्यंत पळत आली होती. नुसता धापा टाकल्याचा आवाज.

"पौर्णाताई... बॉयलर फुटलं."

"आणि दादा?"

"बरे हायेत. हायेत वो. कुणालाच लागलं न्हाई. तुमी या."

स्कूटी मी कशी चालवली मला आठवत नाही. शेतात पोचले तर टाकी उभी चिरलेली. जिथं बसून दादा लाकडं सारायचा, बरोबर तिथं टाकीचा पत्रा मातीत रुतलेला, आणि आजूबाजूची माती उकळत्या पाण्यानं भिजून वाफाळत होती. कामावरच्या बाया निंबाखाली भाकरी खायला बसल्या होत्या म्हणून वाचल्या. जाळापाशी एकटा दादाच होता. आणि आता तो पार लांब, बांधावर, मोबाइल हातात घेऊन बसला होता.

मला पाहून तो उठला. माझ्या तोंडावरून हात फिरवला. आमच्यात हे असलं काही नसतं हो, आम्ही एकमेकांना शिव्या देणारी भावंडं.

"तुला काय झालंय?" मी ओरडले. "मरता मरता वाचलास तू!"

"फोन काहून केला होतास?" तो म्हणाला.

"मी? कुणाला? तुझा लागतच नव्हता!"

"बॉयलरवरून आला ना. मला वाटलं तू टेस्ट करून राहिली. झालं का नाही इचारावं म्हणून उचलला."

"मग?"

"मग काय... आवाज तुटून राहिला होता. म्हणून इकडं बांधाकडं आलो. अन् मागं धडाड."

त्याच्या हातातून मोबाइल घेतला. आलेल्या फोनात सगळ्यात वर 'बॉयलर'. उचललेला फोन, मिस्ड कॉल नाही. घरी आले, चप्पल न काढता टेबलाशी गेले. सिम वाटीत. मोडेम रिकामा. स्क्रीनवर नॉट फाउंड.

पुढं मी माझ्या सवयीनं सगळं खणून काढलं. त्या सिमवरून बाहेर गेलेले कॉल कंपनीच्या ॲपवर बघितले, त्या दिवशीचा एकही नाही. कुणी नंबरची नक्कल केली का? पण कोण करेल, आणि शिरडच्या हळदवाल्याला फोन करायला? शिवाय माझ्या प्रोग्राममधे आवाजाची सोयच नाही, तो फक्त रिंग देतो. मग लाइनवर आवाज कशाचा तुटत होता? दादाला विचारलं की "काही कळालं न्हाई" म्हणायचा आणि उठून जायचा.

बिल्डची भानगड मात्र सुटली. प्रोग्राम मी मोठ्या इमेजमधे तयार करून हलक्या इमेजमधे नुसता आणून टाकला होता. सुरू होताना त्याला एक मदतनीस फाइल लागते, ती हलक्या इमेजमधे नव्हती. मशीन त्या मदतनीसाला 'नॉट फाउंड' म्हणत होतं आणि मला वाटत होतं प्रोग्रामलाच म्हणतंय. प्रोग्रामही हलक्या इमेजमधेच बिल्ड केला, आणि पठ्ठ्या पहिल्या फटक्यात चालू झाला. बघा, या भुताटकीला उत्तर होतं.

नवीन टाकी यायची होती, तिच्यावर बसवण्याआधी घरीच टेस्ट घेतली. दादा जेवायला बसला होता, मोबाइल ताटाशेजारी. मी मोडेममधे सिम घातलं, प्रेशरचा खोटा आकडा दिला, आणि मोबाइल थरथरायला लागला... 'बॉयलर'. मी इतकी खूश झाले की तिथूनच हसत ओरडले, "चालू झालं दादा! रिंग जाऊन राहिली, उचल ना!"

दादानं हातातला घास ताटात ठेवला. हात न धुता उठून अंगणात गेला. वहिनी माझ्याकडं बघायला लागली, मी त्याच्या मागं पळाले.

"हेच म्हणून राहिली होतीस तू," तो म्हणाला. "त्या दिवशी, फोनात."

"काय?"

"चालू झालं दादा. रिंग जाऊन राहिली, उचल ना. बराबर हेच. पर तू रडून राहिली होतीस, पौर्णे. तुला असं रडताना मी जल्मात ऐकलं न्हाई. मी हॅलो हॅलो करून राहिलो, तुला माझं ऐकूच येईना. तू आपली तेच तेच. म्हणून तर रेंज पाहत पाहत बांधाकडं गेलो ना मी..."

त्या दिवशी मी रडले नव्हते. तो फोन आला तेव्हा माझं काही चालूही झालं नव्हतं, आणि नंतर रडायची वेळच आली नाही, कारण तो समोर उभा होता. मग कोण रडत होतं, आणि कुठल्या घरात बसून, हे रात्रंदिवस डोकं फोडूनही मला कळलेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

बॉक्स आता नव्या टाकीवर आहे, छान चालतो. महिन्यातून एकदा मी टेस्टची रिंग देते. उचलायचं नाही हे ठरलेलं आहे, तरी दादा दर वेळी फोन उचलतो. पलीकडं कुणीच नसतं. तो थोडा वेळ कानाला लावून ठेवतो आणि हळूच म्हणतो, "हाय मी. बरा हाय. रडू नको."