तुम्ही त्यातले वाटतच नाही!

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तुमसरच्या राइस मिलमागे धानाचा कोंडा आपोआप साचतो, तसे तेही साचत जातात. कोंडा निदान भट्टीत तरी जातो, हे जळतही नाहीत!

ऑफिसात आम्ही तिघं. मी गजभिये, आलेलं धान तपासणारा. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आम्ही बौद्ध. कॉम्प्युटरवर सोनकुसरे. घराणं कोष्ट्यांचं, घरी एक माग अजून आहे, त्यावर आता कपडे वाळतात. वजनकाट्यावर रफिकभाई. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. बायको-मुलं तिकडे पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात आणि हे इथे काट्यालगतच्या खोलीत एकटे.

यंदा त्यांच्या नाझियाला तुमसरला नर्सिंगची ॲडमिशन मिळाली. मिलच्या त्या खोलीत मुलगी ठेवता येत नाही. कॉलेज सुरू व्हायच्या आत भाड्याची खोली मिळाली नाही तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार. गेला महिनाभर आमच्या चहाला हाच एक विषय होता.

*

माझं काम परखीचं. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची पोकळ लोखंडी सळई. खुपसली की मूठभर धान बाहेर येतं, आणि त्या मुठीवर अख्ख्या ट्रॉलीचा निकाल लागतो.

आंबागडचा एक म्हातारा आला. पहिल्याच पोत्यात ओलं धान निघालं. मी म्हटलं, "ट्रॉली वापस."

"साहेब, त्या एकाच पोत्यावर पानी पडलं जी! बाकीची पोती तं पाहा!"

"एवढी पोती पाहत बसलो तं झालंच!"

म्हाताऱ्याने टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली. ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाला, "शिकून साहेब झाले, त तुम्ही लोकं आता आमच्यावर बदला काढून राहिले!"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही लोकं म्हणजे कोन? एका मानसावरून सगळ्यायले नाव ठेवता काय?"

रफिकभाई काट्याच्या खिडकीतून सगळं पाहत होते. शांतपणे म्हणाले, "गजभियेभाऊ, आधी हातातली परखी खाली ठेवा."

*

जयंतीच्या सकाळी मी आमच्या मंडळाच्या पोरांशी कडाकडा भांडलो होतो. डीजेने खिडक्या थरथरत होत्या आणि आईचं बीपी वाढलं होतं. "जयंती वाचून साजरी करा बे, नाचून नाही!" असं सगळ्यांसमोर सुनावून मी कामावर आलो.

सोनकुसरेने आल्याआल्या तोंड उघडलं, "तुमच्या लोकायनं कान फोडले बे आज!"

"आन् गनपतीत तुम्ही काय बासरी वाजवता?"

मग मी अर्धा तास डीजेची वकिली केली. तरुणांचा उत्साह, इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज, काय काय बोललो! माझंच मला पटत नव्हतं, पण थांबता येईना.

संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष दारातच भेटला. "काका, तुमच्या सांगन्यावरून आवाज कमी केला."

मी म्हटलं, "वाढव!"

*

सोनकुसरेला हसू नका असं म्हणणार नाही, पण तोही माझ्याच माळेचा मणी. बायकोच्या उपवासांवर तो रोज वैतागतो. "हप्त्यातून चार दिवस साबुदाना बे! देव बी कंटाळला असन."

एका बुधवारी मी सहज म्हणालो, "तुम्हा हिंदू लोकायचं उपास-तापासाचं जास्तच असते."

झालं! उपवासाने पचन कसं सुधारतं, आपले पूर्वज कसे शहाणे, परदेशातले डॉक्टरसुद्धा आता हेच कसं सांगतात! मोबाइल काढून दोन व्हिडिओ दाखवले. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडलाच नाही.

"काहून बे?"

"आज माह्या उपास आहे."

डब्यातून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता.

*

रफिकभाईंना जुना पोटाचा आजार. मटण सुटलं, मसाला सुटला. गेली कित्येक वर्षं त्यांच्या डब्यात लौकीची म्हणजे दुधीची भाजी आणि दही-भात. मिलमधला तो एकमेव पक्का शाकाहारी माणूस.

तरी येणारा प्रत्येक ट्रकवाला विचारतो, "काय भाईजान, आज बिर्यानी काय?" पूर्वी ते डबा उघडून दाखवायचे, डॉक्टरचं नाव सांगायचे. हल्ली नुसतं "हो" म्हणतात.

मी विचारलं, "खोटं कायले बोलता?"

"गजभियेभाऊ, लौकी समजवाले दहा मिनिटं लागते. बिर्यानी एका मिनिटात समजते."

*

टीव्हीवर कुठे काही फुटलं, कोणी कोणाला मारलं, की दुसऱ्या दिवशी रफिकभाई काट्यावर जायच्या आधी आमच्या टेबलाशी येतात. कोणी काही विचारलेलं नसतं. "चूक झालं. ज्यानं केलं त्याले फाशी द्या," एवढं म्हणतात आणि मग कामाला लागतात. शाळेत गृहपाठ दाखवावा तसं. मला ते बघवत नाही.

एकदा असेच आले आणि तेच म्हणाले. सोनकुसरे मोबाइलमधून मान वर न काढता बोलला, "कालचं काय? पकडला ना त्याले. आमच्यातलाच निघाला."

रफिकभाई खुर्चीत बसले. "या अल्ला, तेरा शुक्र है," त्यांच्या तोंडून निघून गेलं. तिकडे एक माणूस मेला होता. ते लक्षात आलं तसे ते इतके ओशाळले, की रुमालाने तोंड पुसत तसेच बसून राहिले.

मग सोनकुसरेच म्हणाला, "पन तो थोडा डोक्यानं सरकलेला होता म्हनते."

*

मॅनेजर साहेब बाहेरगावचे. एकदा मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी चहा दिला. "गजभिये, काम नीटनेटकं, बोलणं स्वच्छ, कधी कशावरून तक्रार नाही. खरं सांगू? तुम्ही त्यातले वाटतच नाही!"

मी हसलो. गोड हसलो. म्हणालो, "थँक्यू सर."

काट्यापर्यंत चालत आलो आणि तिथे पाय थांबले. या माणसाने माझ्या आईला, आजोबांना, अख्ख्या वस्तीला एका वाक्यात शिवी दिली आणि मी आभार मानून आलो! साहेबांवर राग आहेच, पण त्याहून जास्त राग मला त्या हसण्याचा येतो. अजून येतो.

तिथेच खिडकीशी उभा राहून रफिकभाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थँक्यू? आन् वरून सर भी?"

मग आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या दिवसापासून कोणी गोड बोलून गालात मारली, की आम्ही दोघं बाहेर येऊन एकमेकांना म्हणतो, "थँक्यू सर!" सोनकुसरेला ही गंमत कधी सांगितली नाही. ती आमच्या दोघांचीच होती.

*

सात ठिकाणी खोली नाकारली गेल्यावर मी शक्कल लढवली. "रफिकभाई, तुम्ही पानठेल्यावर थांबा. मी माह्या नावानं विचारतो. एकदा हो म्हनलं की मग पोरगी दाखवू."

दारावर पाटी होती, 'खोली भाड्याने. फक्त शाकाहारी.' काका फार प्रेमळ. पाणी दिलं, खोली दाखवली, नळ सोडून दाखवला. "मुलींसाठी एकदम सेफ आहे. बरं, नाव काय म्हणालात?"

"गजभिये."

काकांनी नळ बंद केला. "अरेरे, विसरलोच की! ही खोली पुतण्यासाठी ठेवली आहे."

बाहेर आलो. रफिकभाईंनी विचारलं, "माह्यं नाव सांगतलं काय?"

"नाही. माह्यंच सांगतलं."

"म्हनजे माह्या नंबर लागलाच नाही!"

भर रस्त्यात आम्ही दोघं एकदमच ओरडलो, "थँक्यू सर!" पानठेलेवाला आमच्याकडे बघत राहिला.

*

कॉलेज सुरू व्हायला तीन दिवस राहिले. रविवारी सकाळी रफिकभाई नाझियाला घेऊन माझ्या घरी आले.

माझ्या घरावर एक खोली आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून रिकामी. रफिकभाईंना ते ठाऊक होतं, कारण तिथला कूलर वर चढवायला त्यांनीच हात दिला होता. तरी महिनाभरात त्यांनी त्या खोलीचं नाव काढलं नव्हतं. मीही काढलं नव्हतं.

नाझिया फाइल मांडीवर धरून बसली होती. बायकोने चहा ठेवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. पुढचं जे झालं ते तिच्यावर ढकलणार नाही.

रफिकभाई म्हणाले, "गजभियेभाऊ, वरची खोली दिली असती तं..."

मी म्हटलं, "तुमचा प्रश्नच नाही रफिकभाई. तुम्ही तं त्यातले वाटतच नाही. पन उद्या पोरीले भेटाले कोन-कोन येईन, मोहल्ल्यात लोकं काय..."

नाझियाने मान वर करून वडिलांकडे पाहिलं.

रफिकभाईंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. हसले. गोड हसले.

"थँक्यू सर."