भिंतीकडे तोंड केलेला अंतोनी

“बसा आता भिंतीकडं तोंड करून. काम झालं की बोलू.”

संत अंतोनीच्या वीतभर पुतळ्याला असं दरडावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी रोज पाहायचो. नेवाशाजवळच्या मिशन दवाखान्यात ती फरशी पुसायची, मी कंपाउंडर होतो. सगळे तिला मावशी म्हणत.

कुणाची शेळी हरवली, कुणाची सून अडली, की माणसं तिच्या खोलीकडे धावायची. मग ती पुतळा भिंतीकडे वळवायची आणि काम होईपर्यंत त्याच्यापुढे मेणबत्तीसुद्धा लावायची नाही. फादर रागवायचे.

“फादर, गोडीनं कुनी आयकतं व्हय?”

शेळी बहुधा सापडायची. मग अंतोनीला सरळ करून, पदरानं पुसून ती त्याची माफीही मागायची. आम्ही पोट धरधरून हसायचो.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला आणि गढूळ पाण्यानं हगवण-उलट्यांची साथ आली. तिची चार वर्षांची नात, आईबाप नसलेली, एका सकाळी आमच्या खाटेवर येऊन पडली. सलाईनच्या बाटल्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. नगरहून नव्या मागवायची चिठ्ठी दोन दिवस माझ्या खिशातच राहिली होती. मी विसरलो होतो. आता ती घाईघाईनं एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि मावशीला म्हणालो, “तुम्ही अंतोनीबाबाला सांगा. मी औषधाचं बघतो.”

त्या दिवशी तिनं पुतळा वळवला नाही. मेणबत्त्या लावल्या, पदर पसरला, दिवसभर त्याच्याशी गोड बोलली. संध्याकाळी पोर गेली. बाटल्या दुसऱ्या दिवशी आल्या.

माती देऊन आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली.

“भाऊ, चुकलंच माजं. लोकांच्या येळेला दरडावलं, माज्या पोरीच्या येळेला भ्याले. म्हनलं, रागावला तर? वळवला असता तर जगली असती की वो.”

मी ‘देवाची मर्जी’ असं काहीतरी पुटपुटलो. माझी मलाच लाज वाटली, पण खिशात राहिलेल्या चिठ्ठीचं सांगितलं नाही.

त्यानंतर तिनं कुणासाठीच पुतळा वळवला नाही. “माज्या हाताला यस न्हाई,” म्हणून माणसं दारातूनच परत पाठवायची. दोन वर्षांत ती खंगून गेली.

शेवटच्या आजारात मी औषध घेऊन गेलो, तेव्हा तिनं माझा हात धरला.

“भाऊ, त्या दिशी तुमी लई पळापळ केली माज्या पोरीसाठी. देव तुमचं भलं करील.”

आता सांगायचंच, असं ठरवून मी तिच्याजवळ वाकलो. आणि विचारलं, “मावशी, पाणी देऊ का?”