धरणाचा पुसलेला बाण

गुरुदत्त सरांनी धरणाच्या चित्रातल्या एका बाणावर व्हाइटनर फिरवलं, त्यावर फुंकर मारली, कॅम्प दोनच्या बाजारातून अकरा झेरॉक्स काढून आणल्या आणि दुपारी समाधानाने झोपले. अकरा जणांचं भवितव्य टांगणीला लावून इतकी गाढ झोप फार थोड्यांना लागते.

चित्र होतं जलविद्युत केंद्राचं. धरणातलं पाणी मोठ्या पाइपातून खाली येतं, टर्बाइन फिरवतं, वीज होते आणि पाणी खालच्या तलावात जातं, इथवर सरांना मान्य होतं. पण एक बाण त्याच तलावातून परत वर, धरणाकडे निघाला होता. शेजारी चंद्रकोर. सर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढून स्वतःचं घर चालवलं होतं. "वीज जाळून पाणी वर न्यायचं आणि त्याच पाण्याची पुन्हा वीज करायची? छापणारा पिऊन बसला होता!" असं म्हणून त्यांनी बाणासकट चंद्रही पुसून टाकला.

अंबरनाथला सरांच्या हॉलमध्ये क्लास चालायचा. परदेशी जायचं तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या लेखनाचा. त्यात एखादी आकृती देतात आणि वीस मिनिटांत दीडशे शब्दांत तिचं वर्णन करायला सांगतात. अर्धी बॅच अशी, की तिने धरण पाहिलं ते सहलीला, तेही भज्यांच्या गाडीच्या बाजूने.

चिखलोलीची विनिता मात्र वेगळी. बदलापूरच्या एका नर्सिंग होममध्ये ती नर्स. रडणाऱ्या पोराला, ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला आणि खोकणाऱ्या नगरसेवकाला ती एकाच आवाजात "हात सैल सोडा" म्हणायची, आणि तिघेही सोडायचे. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. लेखनात साडेसहा हवे होते. दोनदा ती सहावर अडकली होती आणि आता तिसऱ्यांदा अडकली तर जागा दुसरीला देऊ, असं त्यांनी अगदी गोड इंग्रजीत कळवलं होतं.

तिची अडचण म्हणजे तिला कुठलीही गोष्ट आपोआप झालेली चालायची नाही. दार उघडलं जातं, पाणी सोडलं जातं, असं कर्ता गाळून लिहा म्हणून सरांनी सांगितलं की तिचा प्रश्न तयार. "सोडतो कोण पण, सर?" कारण तिच्या घरी पाणी सोडणारा माणूस होता. वडील, हरिचंद्र. त्यांच्या भाताच्या शेतावर आता तीन बिल्डिंगी उभ्या होत्या आणि त्या तिन्हींचा पंप हरिचंद्रच सांभाळायचे. दहा मिनिटं पाणी लांबलं की सातव्या मजल्यावरून त्यांच्या नावाचा जो गजर व्हायचा, तो विनिता पाळण्यात असल्यापासून ऐकत होती.

परीक्षा जवळ आली तसा क्लासला एक कडक नियम लागला. विद्यार्थ्यांनी बोलायचं फक्त इंग्रजीत. झेरॉक्स वाटल्या, तेव्हा विनिताने आपला कागद एक्स-रे धरावा तसा खिडकीकडे धरला. बाणाचं शेपूट आणि 'पंप' हा शब्द सरांच्या ब्रशातून निसटला होता.

"सर, नाइट टाइम वॉटर इज गोइंग अप, नो?" तिने विचारलं.

"'डझ द वॉटर गो अप अ‍ॅट नाइट?' असं विचारायचं," सर म्हणाले. "आणि शेवटी 'नो' लावायचं नाही. हं, पुढे."

सगळ्या वर्गाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेश दालपकवानाचा डबा घेऊन दारात हजर. हा बॅचमधला, कॅम्प दोनमधल्या फॅब्रिकेशनवाल्याचा मुलगा, कॅनडाला निघालेला.

"सर, कसम से, वोहीच आलं! धरण!"

"शाब्बास!"

"आणि सर, त्या लोकांनी पण सेम लोचा केलेला. बाण वर! मी सोडतो काय? लिहिलं ना, द अ‍ॅरो इज अ मिस्टेक. तुमचं नाव पण टाकणार होतो, पण टाइम संपला."

सरांनी हातातला पकवानाचा तुकडा परत डब्यात ठेवला. कल्पेश गेल्यावर त्यांनी मूळ पुस्तक काढलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यातलं नमुना उत्तर वाचलं. रात्री विजेची मागणी कमी असते; तेव्हा उरलेल्या विजेवर पाणी पंपाने वर चढवून ठेवतात, दिवसा वापरायला.

"म्हणजे बाण बरोबर होता," खांद्यावरून वाचणाऱ्या त्यांच्या पत्नी मीनलताई म्हणाल्या. "आता तुमच्यावर फिरवू का ते व्हाइटनर?"

निकाल लागेपर्यंत सरांनी विनिताला फोन केला नाही. निकालाच्या दिवशी तिचाही आला नाही. संध्याकाळी ते रिक्षा करून चिखलोलीला गेले. हरिचंद्र जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलून आत बघत उभे होते.

"हरिचंद्रराव, पाणी वर कधी चढवता?" सरांनी चाचरत विचारलं.

"रातचा. दिसाचे सगले नल सोडून बसतान, वरची टाकी भरंल कशी? सगली झोपली का मोटर लावाची, न् सकालचे पानी आपला उतरतंय." मग त्यांनी सरांकडे निरखून पाहिलं. "का वं सर, तुमचे बिल्डिंगला टाकी नाय काय?"

टाकी होती. बावीस वर्षं सर तिच्या पाण्याने अंघोळ करत होते.

इतक्यात ड्यूटीवरून विनिता आली. सरांचा चेहरा बघून तिने आधी त्यांना खुर्ची दिली, मग पाणी, मग निकाल. "लेखनात सात. फोन डबा झालाय सर, उद्या येणारच होते."

"सात! अगं, लिहिलंस काय?"

"बाबांची ड्यूटी लिहिली. फक्त बाबांचं नाव काढलं."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, कुठल्याही पंपाशिवाय. मग कल्पेशला लेखनात मिळालेले पाच आठवले आणि ते जरा रागावलेच. "तुला एवढं समजलं होतं, तर वर्गात सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं ना सर, तुम्ही त्यातलं इंग्लिश सुधारलंत."