शेजारच्या लेकीचे लाड

"आबाजी बसले हायेत काय वं?"

कापसाच्या जिनिंगमधून घरी येताना शेजारचे काका मला गल्लीच्या तोंडाशीच गाठून आधी हे विचारत. आबाजी म्हणजे त्यांचे वडील. संध्याकाळी ओसरी सोडून ते जाणार कुठे? मी मान हलवली की काका मला उंच उडवत, झेलत आणि कडेवर घेऊन घराकडे निघत. त्यांच्या भुवयांवर बसलेला कापूस माझ्या फ्रॉकला लागे.

ओसरीच्या खांबाला धरून त्यांची कुसुम उभी असे. माझ्याच वयाची, पाचसहा वर्षांची. काका तिच्याकडे बघतसुद्धा नसत. मला खाली ठेवत, रेवड्यांची पुडी माझ्या हातात देत आणि म्हणत, "दोघी मिळून खा." कुसुमशी त्यांचं बोलणं झालं तर एवढंच.

हल्ली आमच्याकडे रोज एक मालिका लागते, त्याच काळातली. कंदील बरोबर, धोतरं बरोबर, पितळेचे गडवेही घासूनपुसून मांडलेले. पण तिच्यातला बाप कामावरून येतो आणि भरल्या घरात लेकीचे मुके घेतो, अन् म्हातारे कौतुकानं बघत बसतात! आमच्या अमरावतीत असं कोणी केलं असतं, तर म्हातारे पानाचा डबा उचलून आत निघून गेले असते. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, ही रीत होती. दुसऱ्याच्या लेकराचे लाड मात्र खुशाल करा. तुम्ही माझ्या वयाचे असाल तर असे बाप तुम्हीही पाहिले असतील.

आता माझा मुलगा माझ्यादेखत लेकीला खांद्यावर घेऊन घरभर हिंडतो, आणि आज भाजी कोणती करायची तेही तिलाच विचारतो. आम्हाला कोणी भाजी विचारली असती तर घाबरून ताप आला असता. हल्लीचे लाड अती झालेत, असं मी येताजाता म्हणते. ती पोर खांद्यावर असते तेव्हा मात्र म्हणवत नाही.

आबाजी दुष्ट नव्हते. कुसुमला ते स्वतः मांडीवर घेऊन भरवत. मुलाला त्यांनी तोंडानं कधी मनाई केली असेल, असं मला वाटत नाही. तशी गरजच पडली नाही.

एकदा कुसुम तापानं फणफणली. आबाजी उशाशी बसले होते. काकांनी डॉक्टरांना आणलं, औषध आणलं आणि पुन्हा दारातच उभे राहिले. मग मला हळूच म्हणाले, "जाय बरं, तिच्या कपायाले हात लावून पाह्य." मी हात लावून आले. "गरम हाये," मी त्यांना सांगितलं. माझा तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला खेळायला जायचं होतं.

कुसुमला यातलं काही दिसलं नाही. तिला रोज दिसे ती कडेवर बसलेली मी. "माह्या बाबूजीले तूच आवडते," एकदा रेवडी न घेताच ती म्हणाली.

आबाजी वारले तेव्हा आम्ही चौदा वर्षांच्या होतो. ओसरी रिकामी झाली. मला वाटलं, आता काका कुसुमला जवळ घेतील. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. काका हसले.

"आता कायचं वं? थे आता मोठी झाली."

मोठ्या झालेल्या लेकीला बापानं जवळ घ्यायचं नाही, ही दुसरी रीत तयारच होती. दोन्हींच्या मध्ये त्या माणसाला एक दिवसही मिळाला नाही. अजून आठवलं की जीव हळहळतो.

पुढे कुसुम लग्न होऊन अकोल्याला गेली, मी बडनेऱ्याला. काका गेल्याचं कळलं तशी मी धावत आले, पण तोवर माणसं त्यांना पोचवून परतली होती. कुसुम ओसरीवर बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी टेकले. तिच्या मांडीवर तिचं लेकरू झोपलं होतं, त्याला ती उगाच थोपटत होती.

माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"थे तुले उचलत, तवा कसं वाटे वं?"