फॅन बंद करणारा

त्या दिवशी आमच्या घरातला फॅन कुणी बंद का केला नाही?

हे मी क्लबातल्या एकेकाला गाठून विचारलं. एकाने खांद्यावर हात ठेवला, एकाने चहा मागवला, एकाने तर मिठीच मारली. उत्तर कुणी दिलं नाही.

आता लोक म्हणतात, बाळू, दादाचे किस्से सांग. सात वर्षं दादाबरोबर गाडी चालवली, किस्से साठणारच. रोपांच्या ट्रेसारखे एकावर एक बसलेत, वरचा उचलला की खाली दुसरा. सांगतो. पण आधी फॅनचं कळलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आमची कळंबला भाजीची रोपवाटिका. मिरची, टोमॅटो, वांगी. दादा थोरला. मी आठवीतून शाळा सोडली आणि पिकअप चालवायला लागलो. दादा बारामतीच्या एका सेवा करणाऱ्या क्लबात होता. क्लब जगभर आहे, बारामतीत त्याची शाखा. दादाकडे नेत्रदानाचं काम. कुणी वारलं की त्या घरी जायचं आणि डोळे मागायचे. सहा तासांच्या आत ते काढावे लागतात, म्हणून पहिल्याच तासात विचारायचं, असा क्लबाचा नियम. घरचे हो म्हणाले की बारामतीहून डॉक्टर येतात. ते येईपर्यंत डोळे सुकू द्यायचे नाहीत. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली दोन उशा आणि डोक्यावरचा फॅन बंद.

बोलायचं काम दादाचं. फॅनचं माझं.

* * *

क्लबाची मीटिंग दर बुधवारी. सात म्हणजे सातला घंटा. नवीन माणूस आला की त्याने उभं राहून नाव आणि व्यवसाय सांगायचा, अशी पद्धत. दादा मला पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा माझ्या आधी एक डॉक्टर उभे राहिले, मग एक बिल्डर. माझी पाळी आली.

"बाळू. मी फॅन बंद करतो."

हॉल हसला. मला बसावं की पळावं कळेना. तेव्हा कुदळे सर प्रेसिडेंट होते. रिटायर झालेले मास्तर, गळ्यात प्रेसिडेंटचा बिल्ल्यांचा पट्टा. त्यांनी टणकन घंटा वाजवली.

"हसू नका. इथं सगळ्यात गरजेचं काम हाच करतोय."

मला इतकं बरं वाटलं की दोन सामोसे जास्त खाल्ले. पुढे याच माणसापुढे मी कसा उभा राहिलो ते येईलच.

त्या दिवशी पाहुण्यांनी क्लबाचा इतिहास सांगितला. निम्मा इंग्रजीत. मला कळलं ते एवढंच, की लांब कुठल्या तरी देशात, मोठ्या शहरात, गाव सोडून आलेली चार माणसं होती. ओळखीचं कुणी नाही. एकटं वाटायचं म्हणून ती आठवड्यातून एकदा एकत्र जेवायला लागली. जेवता जेवता त्यांच्या मनात आलं, आपलं झालं, आता दुसऱ्याचं काय? तिथून हे सगळं सुरू झालं.

येताना गाडीत दादा म्हणाला, "कळलं का? एकट्या पडलेल्या माणसांनी काढलाय ह्यो क्लब. म्हणून एकट्या पडलेल्याच्या घरी पहिलं आपण जायचं."

"मग इंग्रजीत कशाला सांगत्यात?"

"गप गाडी चालव."

* * *

इंदापूरच्या बाजूला एका वस्तीवर म्हातारे बाबा गेले होते. आजी उशाशी बसलेली. मी फॅन बंद केला. दादाने हात जोडून सगळं सांगितलं, क्लबाचं नाव, क्लब कुठनं आला ते.

आजीने तेवढंच धरलं. "म्हंजी डोळं परदेशात न्हेणार?"

"न्हाय आजी."

"न्हेऊ नगा बाबा. ह्येंना बारामतीच्या पल्याड करमत न्हाय. लेकीकडं गेलं तरी दुसऱ्या दिशी माघारी यायचं."

दादा म्हणाला, "आजी, शब्द देतो. डोळं बारामतीच्या पुढं जात न्हाईत."

आजीने फॉर्मवर अंगठा दिला. पुढे डॉक्टरांकडून कळलं, डोळे पुण्याला गेले. तिथे पेशंट तयार होता. दादाचं तोंड एवढंसं झालं. त्या भागातली रोपांची ऑर्डर होती, तर आठ दिवस मलाच एकट्याला पाठवत होता. नवव्या दिवशी म्हणाला, "चल, सांगून येऊ. शिव्या देईल, खाऊ."

गेलो. दादाने मान खाली घालून सांगितलं. आजीने बाबांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "पुणं चालंल. लेक पुण्यातच हाय माझी. रस्त्यात दिसंल त्यांना."

* * *

सुप्याचा किस्सा सांगताना दादा स्वतःच हसायचा. तिथल्या एका तात्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला, "म्हातारं गेलं, या." आम्ही गाडी अशी काढली की मिरचीचे चार ट्रे रस्त्यातच पडले. दारात माणसं, बायकांचं रडणं चालू. मी सवयीने आत शिरलो आणि फॅन बंद केला. दादा तात्यांच्या मुलापुढे बसला आणि हळू आवाजात सुरू झाला, "भाऊ, वेळ वाईट हाय, पण तात्यांचं डोळं..."

मागून खाटेवरनं आवाज आला. "फॅन कुणी बंद क्येला रं? उकडतंय."

शेजाऱ्याने घाई केली होती. तात्या जिवंत होते, नुसते जिवंत नाही, सगळं ऐकत होते.

"आन् डोळं कुणाचं मागतोयस?"

दादाला घाम फुटला. "तात्या... चुकलं. पण आता आलोय तर, फॉर्म भरून ठेवू का?"

मला वाटलं आता मार. तात्या मात्र असे हसले की खोकला लागला. अंगठा दिला, बरे झाले, आणि पुढे सुप्याच्या बाजारात आम्ही दिसलो की लांबून गॉगल वर करायचे आणि ओरडायचे, "अजून लागत्यात मला. फुडं जावा."

* * *

सगळीकडे असं हसण्यावारी जायचं नाही. वालचंदनगरला एक पोरगा गेला, माझ्याच वयाचा. त्याच्या भावापुढे दादा बसला. दादाचं सगळीकडे एकच वाक्य असायचं, "मागायला आलोय. न्हाय म्हणलात तरी खांद्याला थांबतो."

वाक्य पुरं झालं आणि त्या भावाने दादाच्या कानफटात मारली. चष्मा उडाला. मी गाडीतून जॅकचा दांडा काढून आणला. माझं डोकंच तसं आहे, आधी हात उठतो.

दादाने चष्मा उचलून पुसला. "दांडा ठेव. कापूस बी ठेव. आन् फॅन चालू कर त्यांचा. चल, बांबू आणायचेत."

आम्ही बांबू आणले. तिरडी बांधली. दादाने खांदा दिला. सगळं उरकल्यावर तो भाऊ जवळ आला, आमच्याकडे बघतच राहिला.

"तुमी अजून हितंच?"

"सांगितलं हुतं की," दादा म्हणाला.

येताना मी विचारलं, "लागलं का रं?"

"लागलं की."

"मग मारू का न्हाय दिलंस?"

"आपण काय वांगी मागाय गेलो हुतो का, बाळ्या? त्यानं मारलं तर मारू दे. आपण विचारलं न्हाय तर त्या घरातलं कोण विचारणार? घरच्यांना त्या वक्ताला काय बी सुचत नसतंय. बाहेरच्यानंच विचारावं लागतंय."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं आणि सोडून दिलं.

* * *

आता फॅनचं.

सकाळी आठची वेळ. दादा रोपांच्या शेडनेटच्या दारात चहा पीत होता. कप नीट बाजूला ठेवला, खांबाला टेकून बसला, आणि झालं. अडतीस वर्षांचा माणूस. डॉक्टर म्हणाले, झटका. कप सांडलासुद्धा नव्हता.

दहाच्या आत बारामतीहून क्लबाच्या पाच गाड्या आल्या. पुढे कुदळे सर. सगळे सतरंजीवर ओळीने बसले. नेत्रदानावर भाषणं करणारी ही माणसं. "पहिल्या तासात विचारा" हे ज्यांनी दादाला शिकवलं, तीच. क्लबात डोळे द्यायचा पहिला फॉर्म दादाने स्वतःचा भरला होता आणि त्यावर साक्षीदार म्हणून सही कुदळे सरांची.

दादा मधे झोपवलेला. डोक्यावर फॅन.

अकरा वाजले. बारा वाजले. कुणी बोलेना. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, ती एका अंगाला कलली. कुदळे सर पुढे वाकून मला हळूच म्हणाले, "बाळू, फॅन जरा वाढव. वहिनींना गरगरतंय."

मी उठलो. तीनवर होता. पाचवर केला.

दादाचे केस उडायला लागले. ते मला बघवेना म्हणून मी वाकून त्याचे केस नीट बसवले. आणि परत जाऊन बसलो.

सात वर्षं ज्याने लोकांचे फॅन बंद केले, त्याने.

* * *

सुप्याचे तात्या चार वाजता आले, काठी टेकत, नातवाचा हात धरून. आठ तास होऊन गेले होते. दादाकडे बघत उभे राहिले. गॉगल काढला.

"पोराचं डोळं घेतलं का?"

त्या दिवसातलं हे पहिलं वाक्य, जे दादाला ऐकायला आवडलं असतं. कुदळे सरांनी मान वर केली आणि फॅनकडे बघितलं. तो पाचवर फिरत होता. त्यांना ते बघताना मी बघितलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

तात्यांनी ओळीने बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"मग माझं मागाय त्यो कशाला आला हुता?"

दादा डोळ्यांसकट गेला.

* * *

बुधवारी मी मीटिंगला गेलो. सातला पाच कमी होते. कुदळे सर घंटेजवळ होते. मी दादाची पिशवी, त्यातले फॉर्म, कापूस, सगळं टेबलावर आपटलं.

"माझ्या भावाचं डोळं मागाय कोण का आलं न्हाय? फॅन का बंद क्येला न्हाय कुणी?"

सात वाजले. घंटा वाजली नाही. सरांचा हात तिथेच होता.

"मला हसला हुता ना तुमी सगळी? आता हसा. आन् परत मला फोन करायचा न्हाय."

बाहेर आलो आणि पिकअपच्या पत्र्यावर एवढ्या जोराने हात मारला की महिनाभर बोट वाकत नव्हतं. नंतर ऐकलं, त्या दिवशी मीटिंग झालीच नाही. माणसं तशीच उठून घरी गेली.

* * *

क्लबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मात्र मला कुणी काढलं नाही, मीही निघालो नाही. परवा बारामतीत रोपं उतरवत होतो. मेसेज आला. कुदळे सरांच्या आई सकाळी दहाला गेल्या. अंत्यविधी दुपारी चारला. खाली सगळ्यांचे जोडलेले हात, एकाखाली एक. दुसरं काही कुणी लिहिलं नव्हतं.

घड्याळात साडेअकरा. मी हमालाला म्हणालो, "बाकीचं तू उतरव."

"कुठं निघालास?"

सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं, मी भांडायला निघालोय की कशाला.

सरांच्या बंगल्यापुढे चपलांचा ढीग. हॉलमध्ये क्लबाची सगळी माणसं, भिंतीकडेने बसलेली. मधे आई. आम्ही कधीही गेलो की पेल्यात ताक घेऊन येणारी ती म्हातारी आता एवढीशी दिसत होती. सर कोपऱ्यात उशीला टेकून बसले होते, चष्मा हातात. डोक्यावर फॅन गरगरत होता.

मला बघून सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

मी बटणांच्या बोर्डाजवळ गेलो आणि फॅन बंद केला.

पाती थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मी सरांपुढे जाऊन बसलो. वाक्य मला पाठ होतं, पण तोंडातून बाहेर येईना. बोलायचं काम माझं कधीच नव्हतं.

"सर. मागायला आलोय." थांबलो. मग म्हणालो, "न्हाय म्हणलात तरी खांद्याला थांबतो."

सरांनी हातातला चष्मा खाली ठेवला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. हात मागे नेऊन पाठीमागची उशी त्यांनी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली, आणि त्यांच्या आईचं डोकं उचलून खाली सरकवली.