बाळापूरचं इंजिन, अमरावतीचा कान

चालती गोष्ट जागच्या जागी थांबवून तिची उलटतपासणी घेण्यात माझ्या शेजारच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. अमरावतीत माझं औषधाचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. बडनेऱ्याच्या एका कापूस पिंजायच्या जिनात उभी हयात त्यांनी तेलाची इंजिनं हाकली होती. घरी बसले, तरी डोक्यातलं इंजिन काही थंड झालं नाही. कुठे जरा वेगळा आवाज आला की काका गरजायचे, "थांबव! हाये तसं ठेव!" एकदा तर त्यांनी भर रस्त्यात वरातीचा बँड थांबवला, नवरदेवाला घोड्यावर ताटकळत ठेवलं, एकेका वाजंत्र्याला वेगळं वाजवायला लावलं आणि बेसूर क्लॅरिनेटवाला पकडून दिला. तो बिचारा म्हणाला, "काका, मी तं लहानपणापासून असाच वाजवून राहिलो." काका म्हणाले, "अन् आजपर्यंत कोणीच नाई थांबवलं बे तुले?" काकू तर कपाळाला हात लावायच्या. "यायच्यासमोर ठसका लागायची बी सोय नाई. तोंडातला घास तसाच ठेवून जबानी द्या लागते."

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीने बाळापूरच्या जिनातल्या एका इंजिन-ड्रायव्हरशी स्वतःच्या मनाने लग्न केलं. "हाकते नुसता, त्याले इंजिन समजत नाई," एवढाच काकांचा जावयावर आरोप, पण तेवढ्यावर त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. काकांसारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि त्या हट्टाचा मला फार राग यायचा.

ऐन कापसाच्या हंगामात एका दुपारी दुकानात बाळापूरहून ट्रंक कॉल आला. लेकच होती, रडवेली. "दादा, बाबाले बोलवा." जिनचं इंजिन धापा टाकत बंद पडत होतं, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि मालकाने सांगून टाकलं होतं की संध्याकाळपर्यंत इंजिन सुरू झालं नाही तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर. काका फोन घेणार नाहीत अशी माझी खात्री होती. तरी भिंतीपलीकडे हाक मारली, तर त्यांनी येऊन माझ्या हातातून तो हिसकावलाच!

"रडू नको. इंजिनाकडच्या खिडकीत धर फोन, आयकू दे मले." काकांनी डोळे मिटले. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला खोकू नको म्हणून हातानेच दटावलं. आणि मग, "थांबव! हाये तसं ठेव!" बाहेर एक सायकलवाला दचकून खाली उतरला. "आता चाक हातानं फिरवा म्हणा त्याले. हळू. काय दिसते?" लेक खिडकीतून नवऱ्याला ओरडून विचारायची आणि त्याचं उत्तर बापाला सांगायची. आम्हा कोणाला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी आणि गिऱ्हाईक श्वास रोखून उभे. ऑपरेटर बाई मध्येच वेळ संपल्याचं सांगायची, तर काका तिच्यावरही खेकसायचे, "वाढव ना बाई!"

"व्हॉल्व अडकते," शेवटी काकांनी निकाल दिला. पलीकडे कुजबुज झाली. लेक भीतभीत म्हणाली, "बाबा, हे म्हणतेत व्हॉल्व चांगला हाये. तेलाच्या नळीत हवा अडकली असन."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. आता फोन आपटतात, असं मला वाटलं. पण ते नुसते म्हणाले, "मंग काढ म्हणा हवा."

थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग धडधड सुरू झाली, एकसारखी, ठणठणीत! काकांनी रिसीव्हर दुकानभर फिरवला. "आयका, आयका!" गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या आणि त्याला पोटभर खोकून घेता आलं. काका नाचायचेच काय ते बाकी होते.

मग त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि आवाज एकदम खाली आणला. "माय, जवाईबापूले सांग, त्यायले इंजिन समजते. मीच चुकलो. या एकदा दोघंबी. तुही आई वाट पाह्यते. मीबी पाह्यतो."

मी जवळच उभा होतो. रिसीव्हरमधून कसलाच आवाज येत नव्हता. न राहवून म्हणालो, "काका, लाइन मघाशीच कटली."

"मले माईत हाये," काका म्हणाले. "चालू असती तं बोलता आलं नसतं."

मी लगेच बाळापूरचा कॉल पुन्हा बुक केला. काका उठून घरी जातील असं वाटलं होतं, पण ते बाकावर बसून राहिले आणि फोनकडे बघत हळूच म्हणाले, "लवकर लागन ना रे भाऊ?"