मास्तरांची बोट आणि काकूंचं मागचं दार

मास्तरांचा उभा जन्म शिलाई मशिनीवर गेला. पाण्याशी संबंध म्हणाल, तर इस्त्री करण्याआधी कापडावर शिंपडायचं तेवढाच. असा माणूस साठी उलटल्यावर बोट घेतो म्हटल्यावर गल्ली हसणारच की. पण हसणाऱ्यांची फिकीर मास्तरांनी कधी केली नव्हती, आणि बोट तरी ते स्वतःसाठी कुठे घेत होते!

बोट होती बायकोसाठी. गल्ली त्यांना काकू म्हणते. काकू न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल हिंडा-फिरा. काकू हिंडायच्या, पण घरातल्या घरात. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाव नाही. "चार माणसं बघतात आणि अरेरे करतात, ते मला सोसत नाही," एवढं बोलून विषय बंद. जी बाई भाजी आणायला गेली की तासभर परत यायची नाही, वाटेत प्रत्येकाची विचारपूस करायची, ती आता खिडकीचा पडदा ओढून बसायला लागली. मास्तरांच्या जिवाला नुसता घोर लागला. रात्रंदिवस एकच विचार, हिला बाहेर कसं काढायचं.

त्यात कळलं, की एका जुन्या गिऱ्हाइकाची पाँटून बोट विकायला निघाली आहे. पाँटून म्हणजे काय, तर दोन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यांच्यावर फळ्यांचा सपाट ओटा, भोवती कठडा आणि वर छत. तळ्याच्या धक्क्यावरून सरळ चालत ओट्यावर जायचं. उडी नको, कुणाचा हात नको, वॉकरसकट जाता येतं. आणि भर तळ्यात अरेरे करायला येणार कोण? मास्तरांनी मागचापुढचा विचार केला नाही, बोट घेऊन टाकली. काकूंना सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. ते "बरं" कसलं होतं ते मास्तरांना ठाऊक होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

घोडं अडलं ते जागेपाशी. तळ्याकाठचं बोटी ठेवायचं आवार बंद होणार होतं, म्हणजे बोट घरी आणायला हवी. घरामागे एक शेड होती, त्यात बोट जेमतेम मावणार होती. पण ती न्यायची-आणायची तर खाली चाकांचा ट्रेलर हवा. मास्तर ट्रेलरवाल्याकडे गेले. हा एक सावकाश बोलणारा, पोट सुटलेला भला गृहस्थ. त्याने दोन प्रकार दाखवले. एक रुंद, दोन्ही नळकांड्यांना खालून नीट आधार देणारा, रस्त्यावर जराही न डुलणारा. दुसरा अरुंद, नळकांड्यांच्या मधल्या जागेत शिरून बोटीला कैचीसारखा वर उचलणारा. तो अडचणीतही जातो, पण बोट उंच राहते आणि वळणावर डुलते.

"डुलणारं काही नको," मास्तर म्हणाले. "बायकोसाठी घेतोय."

"मग शेडच्या दाराचं माप आणा. रुंद ट्रेलरला जागा लागते."

माप! मास्तरांना माप आणायला सांगायचं म्हणजे काय! त्याच दिवशी गळ्यातली टेप काढून त्यांनी दार मोजलं. आता गंमत बघा. शिंप्याचा हात तो. आयुष्यभर छाती मोजली की दोन बोटं सैल धरायची, कंबर मोजली की दोन बोटं सैल धरायची. सवय इतकी अंगवळणी पडलेली, की दार मोजतानाही हाताने आपणहून दोन बोटं वाढवली, आणि मास्तरांना त्याचा पत्ताही नाही. अहो, माणसाला सैल शिवता येतं, दार कसं सैल करणार?

ट्रेलरवाल्याने रिकामा ट्रेलर जीपला जोडून घरामागे आणला, आणि तो शेडच्या दारात अडकून बसला. चाकांवरचे पत्रे दोन्हीकडून चौकटीला घासले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. ट्रेलरवाला खाली उतरला, पुढे-मागे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, आत गेला असता तरी उपयोग नव्हता. हा पुढचा दांडा बघा. बोट चढवली की तो शेडच्या बाहेर राहणार, अगदी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर."

त्या दारात काकू वॉकर धरून उभ्या होत्या. पुढच्या दाराला पायऱ्या, त्यामुळे काकूंना कुणाच्या मदतीशिवाय बाहेर पडायचं म्हटलं तर घराला हे एकच दार. त्या बाहेर पडत नव्हत्या ही गोष्ट निराळी.

"अहो," काकू म्हणाल्या, "माझं दार अडवून मला फिरायला नेणार होय?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

"जगाच्या अंगाची मापं घेतलीत. मला या दारातून जायला किती जागा लागते, ते मोजलंत कधी?"

ते बरोबर वर्मी लागलं. ट्रेलरवाला शहाणा, तो ट्रेलर सोडवायच्या निमित्ताने शेडकडे सरकला. मास्तर दाराच्या चौकटीला टेकून बसले. "बोट विकून टाकतो," ते म्हणाले. "मला वाटलं, पाण्यावर तरी येशील. तू आतल्या आत कोमेजत चालली आहेस गं, आणि मला ते बघवत नाही."

इतक्या वर्षांत नवऱ्याचा आवाज असा भरून आलेला काकूंनी क्वचितच ऐकला होता.

"बोट विका असं कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "ट्रेलर बदला म्हणतेय मी. आणि तुम्ही एकटे जाऊ नका. तुमच्या मापावर माझा भरवसा नाही. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खरोखरच मागच्या दाराने निघाल्या. हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी. समोरच्या बाई अंगणातच होत्या. आता अरेरे होणार, मास्तरांनी ओळखलं.

"काकू, तुम्ही? कुठे निघालात?"

"ट्रेलर घ्यायला," काकू म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ट्रेलर घ्यायला निघालेल्या बाईला अरेरे तरी कसं करणार?

ट्रेलरवाल्याने सावलीत खुर्ची टाकली. काकू तिच्यावर पाच मिनिटंसुद्धा बसल्या नाहीत. तो अरुंद ट्रेलर वर करायला लावला, खाली करायला लावला, पुन्हा वर. डुलतो म्हणजे किती डुलतो? वळणावर हळू घेतलं तर? शेडमध्ये गेल्यावर दांडा पुन्हा माझ्या दारात नाही ना येणार? ट्रेलरवाल्याने करून दाखवलं. आत ठोकळे ठेवायचे, बोट त्यांच्यावर उतरवायची आणि ट्रेलर खालून ओढून बाहेर काढायचा. मग तो कुंपणाला लावून ठेवा, दार मोकळं. काकूंनी वॉकर टेकत त्या ट्रेलरला पूर्ण फेरी मारली. त्यांचा आवाज चढला होता, गाल लाल झाले होते, आणि ट्रेलरवाल्याची सगळी खानेसुमारी घेऊन झाली होती, मुलं किती, बायको काय करते, पोटाचं काय ते बघा. मास्तर बाजूला उभे राहून नुसते बघत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांना आपली बायको दिसत होती.

"मग हाच ना?" ते अधीर होऊन म्हणाले. "सांगू का पक्कं?"

"आज नको. उद्या येऊन ठरवू."

"अगं, सगळं तर बघून झालं. आता काय राहिलं?"

काकूंनी ट्रेलरवाल्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "आज ठरवून टाकलं, तर उद्या मी कशासाठी बाहेर पडू?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि ट्रेलरवाल्याकडे वळले.

"आमच्या हिची निवड फार चोखंदळ आहे," ते म्हणाले. "आठवडाभर तरी यावं लागेल आम्हाला."